करून दाखवण्याची परंपरा: लहान मुलांच्या वर्गातील वर्तनशिक्षणाचा इतिहास

पाच-सहा वर्षांचे मूल शाळेत दाखल होते तेव्हा अक्षरे आणि अंक यांच्या आधीच शाळा त्याला दुसरी एक विद्या शिकवू लागते. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसरा बोलत असताना ऐकणे, पाटी जपून ठेवणे, वर्गात येताना व जाताना कोणाला धक्का न देणे, आणि काही हवे असल्यास ते मागण्याची रीत जाणणे, एवढ्या गोष्टी तिच्यात येतात. ही विद्या देण्याचे मार्ग इतिहासात प्रामुख्याने दोन दिसतात. पहिला मार्ग आज्ञेचा असून तिच्या पाठीशी शिक्षा उभी असते; दुसऱ्या मार्गात मोठे माणूस अपेक्षित वागणूक स्वतः करून दाखवते आणि मुलाला ती करून पाहू देते. या दुसऱ्या मार्गाला शिक्षणशास्त्रात वर्तनाचा नमुना घालून देणे म्हणतात. महाराष्ट्रातील शाळांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास या दोन मार्गांच्या दृष्टीने तपासला, तर करून दाखवणे हा नुसता अध्यापनकौशल्याचा प्रश्न राहत नाही. नमुना घालून देणारे माणूस मुलाला आपले वाटते की नाही, यावर त्याचे यश अवलंबून असल्याचे वारंवार प्रत्ययास येते.

ब्रिटिश अमदानीपूर्वीची मराठी मुलखातील प्राथमिक शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. ती देवळाच्या ओवरीत, एखाद्या सधन गृहस्थाच्या ओटीवर किंवा पंतोजींच्या घरीच भरत असे. मुले धूळपाटीवर, म्हणजे धूळ अथवा विटेची भुकटी पसरलेल्या लाकडी फळीवर, काडीने अक्षरे काढत. पुढे मोडी लेखन, पाढे, पावकी-निमकी आणि हिशेब शिकत. लेखनात पंतोजींची रीत करून दाखवण्याचीच होती: ते स्वतः अक्षर काढून देत, मुलाचा हात धरून ते त्याच्याकडून गिरवून घेत, आणि हात बसेपर्यंत कित्ता पुढे ठेवत. वागणुकीच्या बाबतीत मात्र असा कित्ता कोणी घालून देत नसे. तेथे छडी, उठाबशा, अंगठे धरून उभे राहणे आणि खुंटीला टांगणे हीच साधने होती. अक्षर चुकणे स्वाभाविक आहे हे मान्य करणारी शाळा वागणे चुकणेही तितकेच स्वाभाविक आहे हे मान्य करत नव्हती, आणि पुढील शतकभराच्या शिक्षणविचाराला हीच विसंगती दूर करायची होती.

या शाळांच्या दैनंदिन व्यवहाराचे एक तपशीलवार वर्णन मद्रास इलाख्यातील बेल्लारी जिल्ह्याचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल याने १८२३ साली सरकारला सादर केलेल्या अहवालात आढळते. गव्हर्नर थॉमस मन्रो याने १८२२ मध्ये देशी शाळांची माहिती मागवली होती, तिला उत्तर म्हणून हा अहवाल तयार झाला. जिल्ह्यातील ५३३ शाळांपैकी २३ शाळा मराठी असल्याची नोंद त्यात आहे. सकाळी शाळेत सर्वांत आधी येणाऱ्या मुलाच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहीत, दुसऱ्याच्या हातावर शून्य काढत, तिसऱ्याला छडीचा एक हलका फटका मिळे आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला एकेक फटका अधिक येई. आळशी मुलाला दोन्ही हात बांधून छताला टांगण्याचा उल्लेखही त्याच अहवालात आहे. त्याचबरोबर खालच्या इयत्तांतील मुले काही अंशी पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांच्या देखरेखीखाली शिकत, ही व्यवस्था कॅम्पबेलने वाखाणली असून इंग्लंडने तिचे केलेले अनुकरण योग्यच होते, असे मत दिले आहे. शिक्षेच्या कडक चौकटीतही एक मूल दुसऱ्या मुलाकडे पाहून शिकत होते, ही या शाळांची जमेची बाजू होय.

कॅम्पबेलने ज्या अनुकरणाचा उल्लेख केला, त्याचा उगमही मद्रासचाच होता. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रासजवळील एग्मोर येथे सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख होता. वाळूवर बोटाने अक्षरे काढणारी एका देशी शाळेतील मुले पाहून त्याने ती रीत आपल्या संस्थेत आणली, आणि शिक्षकांनी तिला विरोध केल्यावर आठ वर्षांच्या एका मुलाकडे खालच्या वर्गाचे काम सोपवले. या प्रयोगाचे वृत्त त्याने १७९७ मध्ये लंडनला छापले. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर यानेही लंडनमध्ये जवळजवळ तशीच पद्धत उभारली. एका शिक्षकाने काही निवडक विद्यार्थ्यांना धडा द्यायचा आणि त्यांनी तो इतरांना द्यायचा, अशा या रचनेला मॉनिटर पद्धत म्हणतात.

मॉनिटर पद्धतीने शाळा स्वस्त केल्या आणि एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले बसवणे शक्य केले, परंतु वागणुकीच्या बाबतीत तिने नमुन्यापेक्षा कवायतीला अधिक महत्त्व दिले. पाटी दाखवा, पाटी खाली ठेवा, उभे राहा, बसा, अशा हुकमांवर सगळा वर्ग एकदम हालचाल करी. मारहाणीला विरोध असलेल्या लँकेस्टरने तिच्या जागी गळ्यात लाकडी ओंडका अडकवणे आणि मुलाला टोपलीत बसवून छताला टांगणे अशा अपमानकारक शिक्षा योजल्या. देशी शाळेत मोठे मूल लहान मुलाशेजारी बसून त्याला जे दाखवत असे, त्यातील जिव्हाळा या यंत्रवत रचनेत मागे पडला आणि मॉनिटर हा शिक्षकाचा हुकूम पुढे पोहोचवणारा हस्तक उरला. मुंबईत १८१५ साली गरिबांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थेच्या आणि १८२० नंतरच्या दशकात देशी भाषांतून पुस्तके व शाळा तयार करणाऱ्या मंडळींच्या कामातून ही पद्धत मराठी शाळांत आली. इंग्लंडने देशी शाळेतून उचललेली गोष्ट याप्रमाणे बदललेल्या रूपात देशी मुलांकडेच परत आली.

याच काळात वर्तन शिकवण्याचे तिसरे एक साधन मराठीत तयार होत होते, ते म्हणजे छापील गोष्ट. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ प्रसिद्ध केले. त्यातील गोष्टी मूळच्या बेर्कँ या फ्रेंच लेखकाच्या असून त्या इंग्रजीमार्गे मराठीत आल्या होत्या. चांगल्या व वाईट वागणुकीचे परिणाम मुलांच्याच जीवनातील प्रसंगांतून दाखवणे, हा अशा गोष्टींचा हेतू असे. उपदेशापेक्षा गोष्ट मुलाच्या अधिक जवळची असते यात शंका नाही, कारण तीत वागणारे पात्र त्याच्याच वयाचे असते. तथापि गोष्टीतील मुलगा डोळ्यांपुढे दार हळू लावून दाखवत नाही. त्याचे वागणे वर्णनातून कळते, आणि वाचता न येणाऱ्या मुलाला तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. नीतिकथेने कोणते वागणे चांगले ते सांगितले, पण ते अंगवळणी कसे पाडायचे हा प्रश्न शिक्षकाकडेच राहिला.

शिक्षक घडवण्याची निकड मुंबई इलाख्यात १८४५ च्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेशी जोडलेल्या अध्यापन वर्गाच्या रूपाने व्यक्त झाली आणि त्याची सूत्रे बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे आली. परंतु शिक्षक कसा असावा या प्रश्नाला सर्वांत मूलगामी उत्तर जोतीराव फुले यांनी दिले. त्यांनी आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा फळ्यासमोर उभी असलेली शिकलेली स्त्री हा स्वतःच मुलींपुढील एक नवा नमुना होता. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीरावांनी अशी मागणी केली की प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्य तितके शेतकरी वर्गातून यावेत, मुलांत व पालकांत मोकळेपणाने मिसळावेत, नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्याची त्यांना लाज वाटू नये, आणि त्यांना दरमहा किमान १२ रुपये वेतन मिळावे. वरवर पाहता ही मागणी नेमणुकीची आणि पगाराची आहे, पण तिच्या मुळाशी शिकण्याविषयीची सखोल समज आहे. ज्या शिक्षकाला मुलाच्या घरचे काम हलके वाटते, त्याची बसण्या-बोलण्याची रीत मुलाला परकी वाटते. तिचे अनुकरण करण्यासाठी मुलाला आपले घर नाकारावे लागते, आणि तसे केले नाही तर ते मूल बेशिस्त ठरते.

सरकारी शिक्षणखाते १८५५ मध्ये सुरू झाल्यावर शाळांची संख्या वाढली, पण वर्गातील वातावरण तपासणीच्या धाकाखाली आले. डेप्युटी इन्स्पेक्टर, ज्याला खेड्यापाड्यांत दिपोटी म्हणत, वर्षातून येऊन मुलांची परीक्षा घेई आणि शिक्षकाची पत त्या दिवसावर ठरे. एका खोलीत अनेक इयत्ता, एकच शिक्षक आणि डोक्यावर तपासणी अशा स्थितीत वर्ग शांत दिसणे हेच शिक्षकाच्या योग्यतेचे प्रमाण झाले. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हा मराठी शाळांतील सर्वपरिचित हुकूम याच मनोवृत्तीचे प्रतीक आहे. त्याने वर्ग क्षणभर शांत होतो आणि गर्दीत शिक्षकाला त्याचा उपयोगही होतो, हे नाकारता येत नाही. पण हाताने काय करू नये आणि तोंडाने काय करू नये एवढेच तो सांगतो. हाताला काम कसे द्यावे, शेजाऱ्याशी हळू आवाजात कसे बोलावे आणि शंका कशी विचारावी हे त्यातून मुलाला कळत नाही.

युरोपात दरम्यान वेगळा प्रवाह सुरू झाला होता. रॉबर्ट ओवेन याने १८१६ मध्ये स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील गिरणीगावात बालशाळा काढून तीतून शिक्षा हद्दपार केली. सॅम्युएल विल्डरस्पिन याने बालशाळेच्या क्रीडांगणात फुलझाडे व फळझाडे मुद्दाम लावली, कारण जे तोडता येते पण तोडायचे नसते, त्याच्या सान्निध्यातच संयमाचा सराव होतो, असे त्याचे म्हणणे होते. फ्रीड्रिख फ्रेबेल याने १८४० मध्ये आपल्या जर्मनीतील संस्थेला किंडरगार्टन हे नाव दिले आणि खेळ, गाणी व बागकाम यांना शिक्षणात स्थान मिळवून दिले. पण वागणुकीच्या एकेका लहान क्रियेचा स्वतंत्र पाठ करण्याची कल्पना पूर्णत्वास नेली ती मारिया मॉन्टेसरी यांनी.

रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मॉन्टेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. तेथे त्यांनी एकदा मुलांना नाक कसे पुसावे याचा पाठ दिला: रुमाल कसा धरायचा, आवाज न होऊ देता आणि इतरांच्या नजरेत न भरता नाक कसे साफ करायचे, हे त्यांनी सावकाश करून दाखवले. मुलांनी तो पाठ अत्यंत गंभीरपणे पाहिला आणि शेवटी टाळ्या वाजवल्या. या बाबतीत लहान मुले सतत बोलणी खातात, पण ते कसे करायचे हे त्यांना कोणी शांतपणे दाखवलेले नसते, असा अर्थ मॉन्टेसरी यांनी त्या टाळ्यांतून काढला. दुसऱ्या प्रसंगी त्यांनी चार महिन्यांचे तान्हे बाळ वर्गात आणून ते किती निश्चल आहे आणि त्याचा श्वास किती हलका आहे, याकडे मुलांचे लक्ष वेधले. मुले तितकेच स्तब्ध होण्याचा प्रयत्न करू लागली, आणि त्यातून शांततेचा खेळ जन्मला. हुकमाने लादलेली शांतता आणि मुलांनी मिळून साधलेली शांतता यांतील अंतर या खेळाने स्पष्ट केले. खुर्ची आवाज न करता उचलणे, दार हळू लावणे, दोघांच्या मधून जाताना वाट मागणे, अशा क्रियांचे पाठ मॉन्टेसरी पद्धतीत सौजन्याचे पाठ म्हणून ओळखले जातात. या पाठांचा एक नियम असा की मूल चुकलेले असताना त्याला सर्वांदेखत दुरुस्त करायचे नाही. क्रिया पुन्हा दुसऱ्या वेळी, कमी शब्दांत आणि संथपणे, करून दाखवायची.

हा विचार मराठी समाजापर्यंत मुख्यतः भावनगरमार्गे आला. वकिली सोडून दक्षिणामूर्ती संस्थेत शिक्षणकार्यासाठी आलेले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील प्रयोगशील शिक्षक चौथीच्या वर्गात पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि साफ फसतो. शिक्षेच्या धाकाने वाढलेल्या मुलांना शांततेचा आनंद एका दिवसात कळणार नाही, हे ओळखून तो गोष्टी सांगू लागतो, मुलांबरोबर खेळतो, आणि नखे, केस व कपडे यांच्या स्वच्छतेसाठी वर्गात आरसा, कंगवा व झाडू आणून ठेवतो. गिजुभाईंनी येथे एक महत्त्वाचा क्रम मांडला आहे: आधी विश्वास, मग साधने, मग सराव, आणि शांतता ही त्या क्रमाच्या शेवटी येणारी गोष्ट आहे.

ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ ची. त्याची ‘शिक्षणपत्रिका’ १९३३ पासून मराठीतही निघू लागली आणि १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झाला. चपला ओळीत ठेवणे, सतरंजीची घडी घालणे, सांडलेले पाणी स्वतः पुसणे, डबा खाण्यापूर्वी हात धुणे, अशी कामे बालशिक्षणाचा भाग असतात आणि शिक्षिकेने ती मुलांसमोर आपल्या हातांनी केली पाहिजेत, हा विचार या चळवळीमुळे मराठी मध्यमवर्गात रुजला. तरीही ताराबाईंना जाणवत होते की महाग साहित्य आणि शहरी शिस्त यांवर उभे असलेले बालमंदिर गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचत नाही.

या जाणिवेतून १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी अनुताई वाघ ताराबाईंच्या सहकारी झाल्या. वस्तीतील मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच वस्तीतील अंगणात नेण्यात आली. तिलाच अंगणवाडी हे नाव मिळाले. संस्था १९५७ मध्ये कोसबादच्या टेकडीवर गेली, आणि तेथे वारली मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र जोडणारी विकासवाडी, तसेच गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा आकाराला आली. मॉन्टेसरी साहित्याची जागा खडे, बिया, शिंपले आणि पाने यांनी घेतली. मुलांची नखे कापणे, केस विंचरणे आणि त्यांना आंघोळ घालणे ही कामे कार्यकर्त्या स्वतः करत, आणि ती अंगणात, आयांच्या नजरेसमोर होत असल्यामुळे नमुना एकाच वेळी मुलाला आणि त्याच्या घराला मिळत असे. याहून मोलाची गोष्ट म्हणजे मुलांची गाणी, नाच व भवताल यांना शाळेत मान होता. चांगले वागणे शिकण्यासाठी स्वतःचे घर विसरण्याची गरज तेथे उरली नाही. जोतीरावांनी १८८२ मध्ये शिक्षकाच्या निवडीविषयी जे मागितले होते, ते कोसबादने शाळेच्या जागेत, साहित्यात आणि भाषेत उतरवले, आणि म्हणूनच मराठी बालशिक्षणाच्या इतिहासात या टेकडीचे स्थान सर्वांत वरचे आहे.

प्रयोगशील शिक्षकांना अनुभवाने कळलेल्या या गोष्टीला मानसशास्त्राने १९६१ मध्ये प्रायोगिक आधार दिला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील आल्बर्ट बँडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील बालशाळेतील ७२ मुलांवर केलेल्या प्रयोगात, मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीला मारताना पाहिलेल्या मुलांनी नंतर तसेच वर्तन केले. त्यासाठी त्यांना कोणतेही बक्षीस दिलेले नव्हते. मारणारा पुरुष असेल तेव्हा मुलग्यांचे अनुकरण अधिक तीव्र होते, म्हणजे नमुना आपल्यासारखा वाटण्याचा परिणाम येथेही दिसला. पाहून शिकणे या संज्ञेने ओळखल्या जाणाऱ्या या प्रक्रियेची दुसरी बाजू शिक्षकासाठी गंभीर आहे. शांत बसा असे ओरडून सांगणारा शिक्षक मुलांना ओरडणे शिकवतो, आणि दुबळ्याला मारणाऱ्याला मारून शिक्षा करणारा शिक्षक बलवानाने दुबळ्याला मारावे हेच करून दाखवतो. शिक्षकाला नमुना न होण्याची मुभाच नसते. तो कोणता नमुना होतो एवढेच त्याच्या हाती असते.

भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली. पंतोजींच्या काळापासून चालत आलेल्या छडीला कायद्याने पूर्णविराम दिला, हे मोठे यश आहे. परंतु कायदा छडी काढून घेऊ शकतो, तिच्या जागी काय यावे हे तो शिक्षकाच्या हाती देऊ शकत नाही. ते देण्यासाठी वर्गातील मुलांची संख्या आवाक्यात असावी लागते, पाठ्यक्रमाच्या घाईत एक साधी क्रिया चार वेळा दाखवण्यास वेळ राखावा लागतो, आणि अंगणवाडी सेविकेला व प्राथमिक शिक्षकाला प्रशिक्षण, प्रतिष्ठा आणि पुरेसे वेतन द्यावे लागते. या अटी पूर्ण न करता शिस्तीची अपेक्षा केली तर छडीच्या जागी टोमणा, धमकी आणि अपमान येतात, आणि मूल तेही तितक्याच निष्ठेने शिकते.

या दोनशे वर्षांच्या वाटचालीतून काढता येणारा निष्कर्ष ठाम आहे. अक्षराची चूक दाखवताना शिक्षक जो धीर धरतो, तोच धीर वागणुकीच्या चुकीला मिळणे हा मुलाचा हक्क आहे. लहान मुलाच्या गैरवर्तनाचा पुष्कळसा भाग म्हणजे त्याला अद्याप न दाखवलेले वर्तन असते, आणि ते दाखवण्याची जबाबदारी मुलाची नसून मोठ्यांची असते. ही जबाबदारी पार पाडणाऱ्या माणसाने मुलाच्या घराचा, भाषेचा आणि श्रमाचा मान राखला पाहिजे, कारण ज्याच्याकडून आपला अवमान होतो त्याच्यासारखे व्हावे असे कोणत्याही मुलाला वाटत नाही. फुले, गिजुभाई, ताराबाई आणि अनुताई यांनी उभी केलेली ही परंपरा महाराष्ट्राच्या घरची आहे, आणि तिला प्रत्येक बालवाडीचा रोजचा व्यवहार बनवणे हे मराठी समाजाचे अपुरे राहिलेले शैक्षणिक कर्तव्य आहे.